मोरीत ओतलेलं तूप

अच्युत मारारांच्या डाव्या तळहाताला पहिली भेग पडली ती ऐन उत्सवांच्या दिवसांत, आणि ती त्यांनी कुणालाही दाखवली नाही. चेंडा हा केरळातला ढोल वाजवणाऱ्याच्या उजव्या हातात काठी असते, डावा हात मात्र उघडाच कातड्यावर पडतो. भेगेतून रक्त आलं की ते कातड्यावर उमटतं. मारार मधेमधे हात कमरेच्या मुंडूच्या काठाला पुसत राहिले. उन्हाळा सरेपर्यंत दोन्ही तळहात खरखरीत झाले आणि पापुद्रे निघायला लागले. डॉक्टरांचं मलम लावलं की आठवडाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसानं त्यांचे हात पाहिले आणि आपलं केळीचं पान हळूच पलीकडे सरकवलं. मारार त्या दिवशी भात न कालवताच उठले.

मग मात्र त्यांच्या बायकोनं, सरोजिनीनं, त्यांचं काही ऐकलं नाही. ऐन पावसाचा कर्किटक महिना लागला, देवळांतले उत्सव थांबले, चेंडे खोळीत गेले, तशी ती त्यांना घेऊन नदीपलीकडे शूलपाणी वैद्यरांकडे गेली.

वैद्यर सहासष्ट वर्षांचे, अंगानं काटकुळे. घराच्या मागच्या अंगाला रुग्णांसाठी दोन खोल्या होत्या, प्रत्येकीला न्हाणीघर. मारारांना दारात बघताच ते हातातलं काम टाकून उभे राहिले. पंचवीस वर्षं त्यांनी या माणसाला ऐकलं होतं, कधी गर्दीत उभं राहून, कधी देवळाच्या कठड्याला टेकून. "आशान, तुम्ही?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. चेंड्याच्या गुरूला सगळं गाव आशान म्हणतं, वैद्यरही तेच म्हणत.

हात बघून झाल्यावर त्यांनी उपचार सांगितला. आधी सात दिवस औषधी तूप प्यायचं, रोज वाढत्या मापानं. मग तेल आणि शेक, आणि शेवटी रेच. मलम वरवर राहतं, काढा येतो तसा निघून जातो, पण तूप अंगात मुरतं आणि कडू औषधं आपल्या पाठीवर घेऊन जिथं दुसरं काही पोचत नाही तिथं पोचवतं, असं त्यांचं म्हणणं. तूप भूक पेटवतं, आतली आग निववतं, कातडीला मऊपणा देतं. पण ते सरसकट सगळ्यांना द्यायचं नसतं, हेही त्यांनी सांगितलं. गेल्याच आठवड्यात तूप मागायला आलेल्या एका लठ्ठ बँकवाल्याला त्यांनी परत पाठवलं होतं. ज्याला पचेल त्यालाच द्यायचं, पचलं की नाही ते रोज बघायचं, आणि अंगावर खुणा दिसल्या की थांबायचं. कातडी तुकतुकीत होते, कोठा सैल होतो, तुपाचा वास नकोसा होतो. या खुणा तीन ते सात दिवसांत यायलाच हव्यात.

हे बोलणं चाललं असतानाच पारुक्कुट्टी पितळेची कासंडी घेऊन आली. पाच घरं सोडून राहणारी, साठी उलटलेली, नवरा गेलेला, मुलगा मस्कतला. वैद्यरांकडे औषधासाठी लागणारं सगळं तूप गेली तीस वर्षं तिच्या गोठ्यातून येत होतं. दर गुरुवारी ती यायची. मारारांना पाहून तिनं कासंडी खाली ठेवून हात जोडले. नवरा असताना दोघांनी एका उत्सवात ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहून त्यांचा चेंडा ऐकला होता, ते तिनं सांगितलं. पुढच्या गुरुवारी ती आली तेव्हा मारार खोलीत राहायलाच आले होते. ती खिडकीशी येऊन म्हणाली, "तुमच्यासाठी जे तूप केलंय ना आशान, ते माझ्या गायीचं. मी घरी सगळ्यांना सांगितलंय."

पहिल्या दिवशी वैद्यर स्वतः समोर बसले. सकाळी सहाला, उपाशीपोटी, एक लहान पेला. काळपट हिरवं, कोमट, कडूजहर. मारारांनी ते एका दमात गिळलं. घशापासून पोटापर्यंत एक चिकट कडू रेघ उतरत गेली. वर कढत पाण्याचे घोट. दिवसा झोपायचं नाही, गार पाण्याला शिवायचं नाही, आणि खरी भूक लागेपर्यंत काही खायचं नाही. दुपारी पेज मिळाली तेव्हाही तोंडाला तीच चव होती. वैद्यरांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली, आणि खूश झाले.

दुसऱ्या दिवशी माप वाढलं. वैद्यर पेला ठेवून निघून गेले. एवढ्या मोठ्या माणसासमोर पहारा करत बसणं त्यांना बरं वाटलं नसावं. मारारांनी पेला तोंडाला लावला आणि रिकामाही केला, पण पाच मिनिटांत न्हाणीघर गाठावं लागलं. सगळं उलटून पडलं. पाणी ओतून त्यांनी जागा धुतली, तोंड पुसलं, आणि खाटेवर येऊन बसले. वैद्यर थोड्या वेळानं डोकावले आणि जमलं का म्हणून विचारलं. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर काहीच झालं नसतं. वैद्यरांनी माप कमी केलं असतं, चिमूटभर सुंठ दिली असती, असल्या गोष्टी त्यांनी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. पण भर उन्हात तीन तीन तास चेंडा खांद्याला लावून उभा राहणारा माणूस पेलाभर तुपापुढे हरला, हे सांगायला मारारांची जीभ रेटली नाही. "जमलं की," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पेला सरळ मोरीत ओतला आणि वरून थर्मासमधलं कढत पाणी सोडलं. चौथ्या दिवशीही तेच. वैद्यर रोज येऊन विचारत, भूक कधी लागली, ढेकर कसा आला. भूक अकराला लागली म्हटल्यावर वैद्यर म्हणत की अग्नी उत्तम आहे, आणि माप आणखी वाढवत. भुकेबद्दल, ढेकराबद्दल मारारांना काहीही सांगता येत होतं. पण कातडी तुकतुकीत कशी करायची ते त्यांना ठाऊक नव्हतं. कोठ्याबद्दल विचारलं की कुठलं उत्तर बरोबर हेही ठाऊक नव्हतं, म्हणून ते फक्त नाही म्हणत. पाचव्या, सहाव्या दिवशी वैद्यर त्यांचा दंड चिमटीत धरून बराच वेळ बघत बसले. सातव्या दिवशी मोठा पेला भरून तूप आलं. तेही मोरीत गेलं. वैद्यरांनी हात पाहिले, कातडी पाहिली, आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. पारुक्कुट्टी कासंडी घेऊन आली तेव्हा मारार खोलीच्या दाराशी, आतल्या बाजूला उभे होते. दार अर्धं उघडं होतं. वैद्यरांचा आवाज चढला नाही. त्यांनी तिला कासंडी परत न्यायला सांगितली. ती का म्हणून विचारत राहिली तेव्हा त्यांनी विचारलं, "एक गाय आटली म्हणत होतीस. मग तूप तेवढंच कसं येतंय?"

ती म्हणाली की दुसऱ्या गायीचं दूध वाढलंय, आणि घरात कुणी तूप खात नाही, सगळं इकडेच येतं.

"सात दिवस त्यांना तुझ्या तुपाचं औषध दिलं. दगडावर पाणी ओतावं तसं झालं. पारुक्कुट्टी, बाहेरचं काही मिसळतेस का? वनस्पती, डबाबंद, काही?"

मारारांना तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती, आणि काखेशी उसवलेला ब्लाउज. दार ढकलायचं आणि चार पावलं चालायची, एवढंच होतं. त्यांनी हात दाराला लावलाही. मग वाटलं, आता बाहेर पडलो तर तिच्यासमोर आणि वैद्यरांसमोर एकदमच उघडे पडू. ती गेली की वैद्यरांना एकट्याला सांगू. तिनं कासंडी उचलली आणि ती गेली. वैद्यर मान खाली घालून पडवीत बसून राहिले. त्यांना तसं बसलेलं बघून मारारांना सांगवेना. ते दारामागून हटले आणि खाटेवर जाऊन बसले.

वैद्यरांनी नंतर येऊन त्यांचीच माफी मागितली. तुमचे सात दिवस फुकट गेले, चूक माझ्याकडची, असं म्हणाले. कोठीत गेल्या वर्षीची एक बरणी शिल्लक होती, पारुक्कुट्टीच्याच तुपाची, पण तेव्हाच्या चांगल्या तुपाची. दोन दिवस विश्रांती घेऊन त्यातून पुन्हा सुरुवात करू, असं त्यांनी सुचवलं. मारार हो म्हणाले. त्यांनी मनाशी ठरवलं की या खेपेला थेंबही सांडायचा नाही. नीट प्यायलं, हात बरे झाले, की आपोआप सगळं मिटेल. तूप चांगलंच होतं हे वैद्यरांना कधीतरी कळेल, असंही त्यांनी स्वतःला सांगितलं. कसं कळेल याचा विचार केला नाही.

आणि या वेळी ते खरंच प्यायले. नाक दाबून, डोळे मिटून, मळमळ आली की दात आवळून. चौथ्या दिवशी सकाळी उठले तर कपाळ, दंड, पोटऱ्या तेल लावल्यासारख्या चकाकत होत्या. कोठा सैल झाला होता. पेल्याचा वास आला आणि त्यांना शिसारी आली. वैद्यर आले, दंडावरून अंगठा फिरवला आणि लहान मुलासारखे हसले. सगळ्या खुणा हजर होत्या. मग त्यांचं हसू ओसरलं.

"म्हणजे मला उगाच आशा होती," ते म्हणाले. "वाटत होतं, या बरणीनंही काही होऊ नये. म्हणजे दोष तिचा नाही असं झालं असतं. पण तिनंच केलं. तीस वर्षांनी तिनं असं करावं!"

आपण प्रामाणिकपणे प्यायलेल्या प्रत्येक पेल्यानं त्या बाईवरचा आळ पक्का केला, हे त्यांना त्या क्षणी कळलं. वैद्यर दारापर्यंत गेले होते.

"वैद्यर, पहिल्या खेपेचं तूप मी प्यायलोच नाही."

वैद्यर वळले. "म्हणजे?"

"दुसऱ्या दिवशीचं ओकलो. तिसऱ्यापासून सगळं मोरीत ओतलं."

वैद्यर दारातून परत आत आले. मग त्यांनी एक साधीच गोष्ट विचारली. "भूक कडकडून लागते म्हणत होतात."

"लागत होती. पोटात काही नव्हतंच."

वैद्यर स्टुलावर बसले. मारारांनी गुरुवारी दारामागे उभं राहून सगळं ऐकल्याचंही सांगून टाकलं. ते सांगताना त्यांना आपल्या हातांकडे बघवत नव्हतं. वैद्यर रागावले असते तर सोपं झालं असतं. पण ते हळू आवाजात म्हणाले, "मी रोज तुमची जीभ बघत होतो, कातडी बघत होतो. या पोटात तूप गेलेलं नाही, असं सगळं ओरडून सांगत होतं. ते माझ्या मनात आलं नाही असं नाही, आशान. पण तुमच्यावर संशय घ्यायला मला जड गेलं. तिच्यावर घेणं सोपं होतं."

ते दोघं तसेच उठून पारुक्कुट्टीच्या घरी गेले. पाऊस झिमझिमत होता, ती गोठ्यात शेण काढत होती. तिनं हात धुतले नाहीत, बसा म्हटलं नाही. मारारांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि मधेच गायीच्या पाठीवरची माशी हाकलत होती. सांगून झाल्यावर ती आधी वैद्यरांकडे वळली.

"कासंडी तुमच्यापुढंच होती. बोट बुडवून चाखून तरी बघायचं. तुम्ही झाकणही उघडलं नाहीत."

वैद्यरांनी मान हलवली.

मग तिनं जे सांगितलं ते मारारांच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिचा कोपर दुखत असल्यामुळे दोन महिने ताक घुसळणं आणि लोणी कढवणं सून करत होती. प्रसीदा तिचं नाव. त्या गुरुवारी पारुक्कुट्टी घरी आली ती सुनेवरच बरसली. तूच काहीतरी मिसळलंस, तीस वर्षांचं नाव तू घालवलंस. प्रसीदानं नाही म्हणून सांगितलं. सासूनं तिला देवासमोरच्या दिव्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तिनं घेतली आणि कपडे पिशवीत भरून माहेरी निघून गेली. आज आठवडा होत आला. मुलगा मस्कतहून रोज फोन करायचा, आणि दोघींवरही चिडायचा.

"मी जातो," मारार म्हणाले. "मी तिला सांगतो."

"जा," ती म्हणाली. "तिच्या बापासमोर सांगा. ती त्याच्यासमोरच रडली असेल."

प्रसीदाचं माहेर बसनं तासाभरावर होतं. अंगाला तुपाचा वास येत होता म्हणून मारार बसमध्ये मागच्या दाराशी उभेच राहिले. तिचे वडील अप्पुण्णी नायर घराच्या पायरीवर नारळ सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली, ओळखलं, आणि कोयता टाकून धावत आले. दरवर्षी मारारांच्या वादनाला पहिल्या रांगेत बसणारा हा माणूस. मारारांना मात्र तो चेहरा ओळखीचा वाटत होता, नाव माहीत नव्हतं. त्यांनी मारारांचा खरखरीत हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडला नाही. चांगली खुर्ची बाहेर आली. शेजारच्या घरातल्या दोघांना हाका गेल्या. आमच्या घरी आशान आलेत, असं ते ज्याला त्याला सांगत होते. एका शेजाऱ्यानं फोन काढून फोटोही घेतला. चहा आला, केळ्याचे काप आले. मारारांनी कशालाही हात लावला नाही. या सगळ्यांसमोर बोलायचं की त्यांना जायला सांगायचं, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्याचीच त्यांना लाज वाटली. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

सांगायला फार वेळ लागला नाही. औषध ओतून दिलं, खोटं बोललो, दुसऱ्यावर आळ आला तो दाराआड उभं राहून ऐकला, आणि तुमच्या मुलीच्या हातचं तूप चोख होतं. बोलताना वाक्यं उलटीसुलटी झाली आणि काही दोनदा सांगावी लागली. फोटो काढणारा शेजारी फोन खिशात घालून निघून गेला. अप्पुण्णी नायर पायरीवर बसले आणि नारळाची एक शेंडी बोटांनी उकलत राहिले.

प्रसीदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिशीची असेल. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही अम्मांना सांगितलंत, मला सांगितलंत. बरं केलंत. पण मला दिव्यावर हात ठेवायला तुम्ही नाही लावलंत. अम्मांनी लावलं. त्यांनी मला अजून काही सांगितलेलं नाही."

आपण कबुली दिली की फाटलेलं सगळं शिवलं जाईल, असं बसमध्ये येताना मारारांनी गृहीत धरलं होतं. ते उठले, नमस्कार करून निघाले. अप्पुण्णी नायर फाटकापर्यंत पोचवायला आले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी पारुक्कुट्टीला सुनेचे शब्द जसेच्या तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटेची धार काढून, शेजारणीला गोठा बघायला सांगून ती पहिल्या बसनं गेली, असं वैद्यरांच्या बायकोनं सांगितलं. दोघी दिवस मावळायच्या आत परत आल्या. माहेरी काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही.

मारारांचा उपचार पुढे पूर्ण झाला. तेल झालं, शेक झाला, रेच झाला. या सगळ्या दिवसांत वैद्यर त्यांच्याशी पूर्वीसारखंच बोलत होते, फक्त औषध पिऊन होईपर्यंत समोरून हलत नव्हते, आणि रिकामा पेला उजेडात धरून बघत. ते तो पेला खाली ठेवेपर्यंत मारार मान खाली घालून बसायचे. सरोजिनी न्यायला आली तेव्हा तिलाही त्यांनी सांगितलं. घरी गेल्यावर ती म्हणाली, निदान मला फोन करून सांगायचं होतं, मी तुम्हाला हसले असते आणि विषय संपला असता.

पारुक्कुट्टी पुन्हा तूप द्यायला लागली ती ओणम झाल्यावर. पण ती आता आणून देत नाही. वैद्यर स्वतः रिकामी कासंडी घेऊन दर गुरुवारी तिच्या दारात जातात, आणि प्रसीदा झाकण उघडून कासंडी त्यांच्यापुढे धरते. त्यांनी बोट बुडवून चाखल्याशिवाय ती हातात देत नाही.

उत्सव सुरू झाले तोवर मारारांचे तळहात बरेच निवळले होते. अंगठ्याखाली एक खरखरीत पट्टा तेवढा राहिला, तो कायमचाच. हात कशानं बरे झाले म्हणून लोक विचारत, तेव्हा ते आधी नुसतं तूप म्हणत. मग तेवढंच म्हणून थांबणं त्यांना जमेना आणि ते पुढचंही सांगू लागले. ऐकणारे ओशाळून दुसरा विषय काढत. त्या वर्षी मोठ्या देवळातल्या वादनाला पहिल्या रांगेत अप्पुण्णी नायर नव्हते. पुढच्या वर्षी आले, खांबामागे उभे राहिले, आणि वादन भरात यायच्या आत निघून गेले. मारारांनी त्यांना जाताना पाहिलं आणि वाजवत राहिले.